जुना पंप जमा

गुरुवारी हेमांगीची ग्रंथालयातली पाळी दुपारी सुरू व्हायची, आणि हे तिच्या बाबांना पाठ होतं. भाजी बाजारात उतरवली की रिकामी पिकअप घेऊन ते साडेनऊच्या सुमारास एव्हरशाईन सिटीत तिच्या इमारतीखाली यायचे. आधी गाडीचा आवाज यायचा. चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात उभी असलेली हेमांगी तो ऐकूनच चहाचं आधण ठेवायची. मग वॉचमन ओरडायचा, "काका, इधर नहीं, धुआँ ऊपर जाता है." मग बाबा, "अरे, पाँच मिनिट. पोरीला दुधी देके आता है." गेली सहा वर्षं दर गुरुवारी हेच चाललं होतं आणि दोघांपैकी कुणालाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

त्या गुरुवारीही तसंच झालं. वर येऊन त्यांनी पिशवी ओट्यापाशी ठेवली. दोन दुधी, मुळ्याची जुडी, एक केळफूल. अंगाला डिझेलचा वास असायचा म्हणून ते सोफ्यावर कधी बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातलं प्लास्टिकचं स्टूल ही त्यांची जागा.

"जावई गेले?"

"सातलाच."

बशीत चहा ओतून त्यांनी एक घोट घेतला आणि बोलायला लागले ते जिजाबद्दल. जिजा म्हणजे हेमांगीच्या धाकट्या भावाची, विकीची बायको. कळंबची. सात वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली, आणि विकी वालीवच्या कारखान्यात पाळ्या करत राहिला तेव्हा सासऱ्याबरोबर पिकअपमध्ये बसायला लागली. गुरुवारी या वेळेला मात्र ती बाजारातच हिशेबाला थांबायची.

"काल जिजानं मला हरवला," बाबा हसत म्हणाले. "मी बोललो, गाडी ओढत नाय, फिल्टर चोंदला असंल. ती बोलते, नाय बाबा, तिसरा नोझल मधेच सुटतो. खोलून बघितला, तर तिसराच."

"हं."

"कान हाय पोरीला."

हेमांगीनं मुळा धुवायला घेतला. नळ जरा जास्तच सोडला.

चहा संपवून ते उठले, दारापर्यंत गेले आणि चपलेत पाय घालता घालता परत वळले. "हेमा, एक काम कर. जिजाला एक सांगायचा हाय."

"मग सांगा की. दिवसभर तर ती तुमच्याच बरोबर असते."

"माझ्यानं नाय व्हायचा." ते स्टुलाच्या कडेला टेकले. "ती रोज दुपारी गाडीच्या हौद्यातच क्रेट धुते, पाइप लावून. हौद्याच्या खाली डिझेलची टाकी. टाकीवर हवेची नळी हाय, ती चिरलीय. फळ्यांमधून पानी गळतो तो नळीतून टाकीत जातो. इंजिनाला डिझेल देतो त्या पंपाला पानी लागायला लागलाय. मी ट्यूबची पट्टी बांधलीय, पन ती टिकायची नाय. रविवारी नळी बदलीन. पंप अजून वाचंल, पन हौद्यात धुनं बंद झाला पायजे."

"एवढंच ना?"

"एवढंच नाय ते. पंप म्हंजे तिचा जीव. तुझ्यामुलं खराब झाला, असा मी बोललो तर दोन दिवस जेवनार नाय. तू सांग. तुला बरोबर शब्द सापडतात."

"बरं, सांगते," हेमांगी म्हणाली.

खाली पिकअप सुरू झाली, वॉचमन पुन्हा काहीतरी ओरडला, आणि आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवून ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

*

माहेरच्या खाडीकाठच्या घरात तेरा दिवस माणसांची रीघ लागली होती. हेमांगी आईजवळ, म्हणजे कृष्णाबाईजवळ, बसून राहिली. येणारा प्रत्येक जण आधी त्या दोघींना नमस्कार करायचा आणि मग मागच्या पडवीकडे वळायचा, कारण जिजा तिथं होती. बाजारातले दलाल, टायरवाला, डिझेल भरणारा, दादरच्या फुटपाथवरची भाजीवाली धोंडूबाई, सगळे जिजाजवळ जाऊन बसत. धोंडूबाईनं तर तिला कवेत घेऊन हंबरडाच फोडला. "गेला गं तुझा बाप!" हेमांगीनं ते आतून ऐकलं. कुणी तिची चूक दुरुस्त केली नाही.

सासऱ्याला मामा म्हणायची त्या घरातली पद्धत. जिजा पहिल्या वर्षापासून 'बाबा' म्हणायची. हेमांगीला ते तेव्हाही टोचलं होतं. पण इतकी वाचलेली बाई, असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेते हे तिला स्वतःलाच कबूल करायचं नव्हतं. हेवा तिनं पुस्तकांमध्ये पुष्कळ पाहिला होता. तिथं तो राजवाड्यांत असे, नाहीतर प्रेमात. भाजीच्या पिकअपमधल्या फाटक्या सीटवरून कुणाला हेवा वाटल्याचं तिच्या वाचनात नव्हतं.

पिकअप घरी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सेकंडहँड, पांढरी, दाराला गंज. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "बाबा, मलाही शिकवा." ते इंजिनात डोकं घालून उभे होते. तिथूनच बोलले, "हात काले होतील. तू वाच." ती वाचत गेली. शेजारच्या पोरींचे बाप त्यांना शाळेतून काढून वाडीत नेत होते, तेव्हा हिचे बाबा दादरहून येताना केळीच्या पानात गुंडाळून जुनी पुस्तकं आणत. कुठलं आणलं ते त्यांना माहीत नसायचं. दुकानदाराला सांगत, "जाडा दे." या बापाचा तिनं वर्षानुवर्षं अभिमान बाळगला.

मग एका दिवाळीत माहेरी आली असताना तिनं पाहिलं, जिजा स्टिअरिंगवर आणि बाबा शेजारी. "दाब. अजून दाब. आता हलूच सोड." गाडी गचके खात खळ्यातून निघाली, जिजा किंचाळली आणि बाबा कधी नव्हे ते पोट धरून हसले. हेमांगी तुळशीपाशी पणती हातात घेऊन उभी होती. त्यांनी तिला जाड पुस्तकं दिली होती. शेजारची जागा दिली नव्हती.

तेराव्याला आत्याबाईंनी विचारलं, "गुरुवारी तुझ्याकडं आलेला ना गं? काय बोलला शेवटचा?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. जिजाही वाढता वाढता थांबली.

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "दुधी देऊन गेले."

हे असं होईल असं तिनं ठरवलं नव्हतं. निरोप ती सांगणारच होती. आज नाही तर उद्या. पण या घरात जिजाकडे त्यांचं बोलणं ढिगानं होतं. बाबा असं म्हणायचे, बाबा तसं म्हणायचे, चढावर दुसरा गिअर घाल म्हणायचे, दलालाला पहिला भाव सांगू नको म्हणायचे. हेमांगीकडे त्यांचं शेवटचं बोलणं होतं, आणि तेही जिजासाठीच होतं. ते देऊन टाकलं की आपल्या हातात काय राहिलं? म्हणून तिनं ते मुठीत धरून ठेवलं. एक आठवडा गेला, मग दुसरा, आणि नंतर तर सांगायची लाज वाटायला लागली.

*

डिसेंबरात एका सकाळी विकीचा फोन आला. त्यानं नुकताच मोबाइल घेतला होता आणि त्यावर तो अजून ओरडूनच बोलायचा.

"ताई, गाडी बसली! चार दिवस झाले, पापडीच्या वळणावर बंद पडली. जिजा बोलते, पंप गेला. पंपवाल्या निकोलसकडं रिकंडिशन मिळतो. माझी पहिली पाळी, मला सुट्टी नाय. तू जा ना तिच्याबरोबर."

"मला त्यातलं काय कळतं?"

"गॅरंटीचा कागद असतो, इंग्लिशमधी. तू नीट वाचून घे. जिजा काय, मान हलवते नि अंगठा देते."

"ती सही करते, विकी."

"तेच ते. जाशील ना?"

फोन ठेवून हेमांगी खुर्चीत बसली. 'पंप अजून वाचंल,' असं बाबा म्हणाले होते. त्याला दीड महिना झाला होता.

जिजा रिक्षातून तिला घ्यायला आली. गाडीतून काढलेला पंप गोणपाटात गुंडाळून तिनं मांडीवर घेतला होता, एक हात खाली, एक हात वरून. खड्डा आला की ती त्याला उराशी धरायची. तिच्या हिरव्या साडीवर काळा डाग पसरत होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. हेमांगी कोपऱ्यात अंग चोरून बसली.

"वजन आहे का खूप?"

"नाय गं. गोनीभर तांदलाएवढा बी नाय." मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "थंड पडलाय, ताई. चालू असताना हात लावला तर कसा गरम लागायचा."

निकोलसची गाळेवजा जागा वसई फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. दारावर नाताळचा कागदी तारा लागला होता आणि तोही डिझेलच्या धुरानं करडा झाला होता. आत भिंतभर फळ्या आणि त्यांवर पंपांची रांग. काही उघडे, काही काळा रंग मारून नवे दिसणारे. निकोलस साठीचा, बारीक, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा.

"ये गं जिजा. बस. चहा सांगू? शत्रुघ्नचं ऐकून मला तीन दिवस घास उतरला नाय. अंत्यविधीला आलो होतो, पण तू कुणाशी बोलायच्या अवस्थेत नव्हतीस." मग त्याचं लक्ष हेमांगीकडे गेलं. "ह्या कोण?"

"बाबांची मुलगी," जिजा म्हणाली.

निकोलसनं चष्मा वर केला. "शत्रुघ्नला मुलगी? आयला! मी इतकी वर्षं हिलाच त्याची मुलगी समजत होतो. सून कधी म्हणाला नाय तो. 'आमची जिजा' एवढंच." तो मोठ्यानं हसला आणि हेमांगीचा चेहरा बघून थांबला. "बसा ना, बाई. ते स्टूल पुसलेलं आहे."

तिथंही स्टूलच होतं. हेमांगी बसली.

"बोल, काय करत होती गाडी?" निकोलसनं विचारलं आणि जिजा सांगायला लागली. सकाळी सुरू व्हायला वेळ घ्यायची. मग पांढरा धूर. मग तिसऱ्याला ठोका चुकायचा. सांगता सांगता तिनं मान डावीकडे कलती केली आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत टेकवली, नाडी बघताना टेकवतात तशी. "पंपाच्या नळीवर बोट ठेवला तर धडधड पायजे ना? ती लागतच नव्हती."

ती मान, ती दोन बोटं, अगदी बाबांची. हेमांगीनं नजर वळवली. बाबांचं नाक तिला मिळालं होतं, कपाळही. ही बोटं मात्र कळंबच्या या पोरीला मिळाली होती.

निकोलसनं पंपाचं बाजूचं झाकण उघडून विजेरी मारली आणि जिभेनं चक् केलं. "हे बघ. गंज. आतले दट्टे जाम झालेत. पाणी गेलंय पोटात."

"पानी?" जिजा पुढं झाली. "पानी कुठून जाईल?"

"टाकीतून. दुसरं कुठून? टाकी धुतली का?"

"परवाच. खालचा बोल्ट काढून सगळी रिकामी केली. निघाला थोडा पानी."

"झालं तर मग. आता नवा फिल्टर टाक, काय भीती नाय." त्यानं फळीवरून एक काळा चकचकीत पंप काढून टेबलावर ठेवला. त्याला शिशाचं छोटं सील होतं. "सहा महिने गॅरंटी. हा कागद."

कागद हेमांगीपुढे आला. तिनं वाचला. वाचणं हे तिचं काम होतं. "सील तोडलं तर गॅरंटी नाही. अपघात झाला तर नाही. आणि..." ती क्षणभर थांबली. "पंपात पाणी गेल्याचं आढळलं तर नाही."

"ते पंप उघडला की लगेच कळतं मला," निकोलस म्हणाला. "गंज खोटं बोलत नाय."

"टाकी धुतली ना, आता कशाला जाईल पानी?" जिजा म्हणाली. तिनं सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

सांगायचं तर आत्ताच. हेमांगीनं ओठ उघडलेही. पण निकोलस जिजाच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "शत्रुघ्न गेला तरी त्याचं काम हिच्या हातात आहे हो, बाई. नशीबवान माणूस." मग ते राहिलंच.

निकोलसनं जुना पंप जवळ ओढला आणि केरोसीनच्या फडक्यानं नंबर दिसावा म्हणून पुसायला लागला. काळं चिकट निघत गेलं. पंप जिथं इंजिनाला बसतो त्या कडेवर, फडक्याखालून, एक बारीक रेघ वर आली. डाळिंबी रंगाची. नखाएवढी.

हेमांगी उठून उभी राहिली.

ती रेघ तिच्या नेलपॉलिशची होती. कॉलेजात मिळालेल्या पहिल्या बक्षिसाच्या पैशातून घेतलेली बाटली. बाबा एका संध्याकाळी काळे हात घेऊन दारात आले होते. "हेमा, ती नखाला लावायची बाटली दे जरा. पंप काढायचाय, परत त्याच जागी बसला पायजे. ऑइलपेंट डिझेलनं जातो, हा जात नाय." तिनं कुरकुरत दिली होती, आणि बाटलीचा ब्रश वाकडा होऊन परत आला म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. नंतर ती ते साफ विसरली होती.

"हा पंप मी ठेवून घेते," ती म्हणाली.

निकोलसनं वर पाहिलं. "हा? तो तर जमा करायचा असतो, बाई."

"जमा म्हणजे?"

"रिकंडिशन म्हणजे काय? कुणाचा तरी जुनाच. बॉडी तीच ठेवायची, आतलं सगळं नवं घालायचं. तुमचा मी घेणार, तयार करणार, पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या गाडीत. तुम्हाला देतोय तोही असाच कुणाचा तरी. जुना पंप जमा, तरच हा भाव. नाहीतर बॉडीचे वेगळे पडतात."

"वेगळे मी देते."

जिजा तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, काय करनार त्याचा? पुस्तकांच्या कपाटात ठेवनार?"

"ठेवीन."

"जाम झालेला पंप?"

"तुझ्याकडं सगळंच आहे, जिजा," हेमांगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण निकोलसच्या हातातलं फडकं थांबलं. "हा एक मला राहू दे."

बाहेरून एक ट्रक गेला आणि फळीवरचे पंप बारीक थरथरले.

"सगळा?" जिजा म्हणाली. "माझ्याकडं काय हाय सगळा?" तिनं पुढं होऊन त्या रेघेवर बोट टेकवलं. "हा बघितलास काय हाय? पहिल्या दिवशी बाबांनी मला गाडीतला काय दाखवला, तर ही रेघ. ही हेमाची रेघ, बोलले. मग दर वेळेला तेच. हेमाची रेघ जुळली का? हेमाच्या रेघेवरून फडका मारू नको, बाजूनं पूस. मी एकदा बोलले, बाबा, ही फिकी झाली, मी नवीन मारते, लाल ऑइलपेंटची, चांगली ठलक. तर माझा हात झटकला त्यांनी. मी जेवले नाय त्या दिवशी." ती एकदम हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. "इतका राग आलेला ना तुझा! तू तर इथं नव्हतीस बी. तुझ्या एव्हरशाईनमधी बसून पुस्तक वाचत असशील. नि मी इथं तेलात बरबटलेली, नि रेघ कुनाची? हेमाची."

निकोलसनं खाकरून घसा साफ केला. "एका मेलेल्या पंपावरून दोघी भांडताय. शत्रुघ्न वरून बघून हसत असेल."

हेमांगीनं पंपावर हात ठेवला. तो खरंच थंड होता. रेघेच्या एका टोकाला ब्रशचा वाकडा फराटा दिसत होता. इतक्या वर्षांत एकदाही जिजानं तिला हे सांगितलं नव्हतं, सांगेल कशाला? ज्याचा राग येतो ते कुणी वाटून टाकत नाही. हे हेमांगीइतकं कुणाला ठाऊक होतं?

"घ्या जमा करून," ती म्हणाली.

निकोलसनं पंपावर खडूनं आकडा घातला आणि तो खालच्या फळीवर, तशाच आठदहा पंपांच्या ओळीत ठेवून दिला. उद्या तो केरोसीनच्या टबात जाईल. रेघ जाईल. मग काळा रंग, शिशाचं सील, आणि कुण्या तरी माणसाच्या गाडीत तो सकाळी गरम होईल. तो माणूस कोण असेल, असा विचार तिच्या मनात आला. आणि जिजाच्या मांडीवर आता जो येणार आहे तो कुणाचा, असाही.

"रविवारी चर्चमधला मिस्सा झाला की मीच येतो बसवायला," निकोलस म्हणाला. "शत्रुघ्नच्या गाडीला दुसऱ्याचा हात नको."

परतीच्या रिक्षात जिजानं नवा पंप मांडीवर घेतला होता. अंबाडीचा पूल गेल्यावर हळूच म्हणाली, "पानी गेला, म्हंजे टाकीचा झाकन मी नीट लावला नसंल. भरताना घाई होते ना. बाबांचा पंप मीच मारला, ताई."

"टाकी धुतलीय ना आता," हेमांगी म्हणाली. वाक्य अगदी समंजस होतं. तिला स्वतःच्या आवाजाची किळस आली.

*

रविवारी निकोलस आला तो धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. शर्ट काढून त्यानं अंगणातल्या पेरूच्या फांदीला लावला, जुनी बंडी चढवली आणि बॉनेटखाली शिरला. जिजा दुसऱ्या बाजूनं वाकली. पाने मागितले जात होते, दिले जात होते. नाव घ्यायच्या आधीच तिचा हात पुढे होत होता. कृष्णाबाई ओटीवर भिंतीला टेकून बघत होती. हेमांगी पायरीवर बसली होती, मांडीवर पुस्तक होतं, आणि एक पानही उलटलं नव्हतं.

दीडच्या सुमारास निकोलस म्हणाला, "मार."

जिजा चढली, चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा घेतलं, आणि मग तो आवाज अंगणभर पसरला. गुरुवारचा आवाज. हेमांगीचे हात नकळत उठले, आधण ठेवायला उठावेत तसे. ओटीवर कृष्णाबाईनं पदर तोंडाला लावला.

जिजानं खाली उतरून पंपाच्या चारी नळ्यांवर एकेक करून दोन बोटं टेकवली, मान कलती केली. "लागते," ती म्हणाली. "चारी लागतात."

निकोलसनं हात धुतले, शर्ट चढवला, चहा घेतला आणि कृष्णाबाईच्या पायाला हात लावून गेला. विकी दुसऱ्या पाळीला निघून गेला. अंगणात ऊन पडलं होतं. आठवडाभर पिकअप उभी होती, क्रेट मातीनं भरून पडले होते, आणि उद्या पहाटे वाडीतला मुळा आणि पालक बाजाराला जायचा होता. जिजानं साडी खोचली, क्रेट एकेक करून हौद्यात फेकले, विहिरीवरच्या मोटरीचं बटण दाबलं आणि पाइप ओढत हौद्यात चढली. ती गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून हेमांगीनं तिला पहिल्यांदाच असं पाहिलं.

पाइपातून आधी हवा आली, मग पाणी. पहिल्या क्रेटवरची माती सुटून फळ्यांवर आली, फळ्यांच्या फटींतून खाली गळायला लागली.

त्या फटींखाली काय आहे हे अख्ख्या जगात आता एकाच माणसाला माहीत होतं. गप्प बसलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. सहा महिन्यांच्या आत हाही पंप जाईल, निकोलस विजेरी मारून चक् करेल, आणि जिजा म्हणेल, बाबांची गाडीच मी मारली. मग विकी गाडी विकून टाकेल. शेजारच्या सीटवर पुन्हा कुणी बसणार नाही. एवढं सगळं आपण मुठीत धरून बसलो आहोत, आणि मुठीत आहे काय, तर एक नळी आणि ट्यूबची पट्टी. तेही आपल्याला ठेवायला दिलेलं नव्हतं. पोचवायला दिलं होतं. अख्ख्या घरादारातून आपल्याला निवडून दिलं होतं, कारण शब्द आपल्याला सापडतात.

आणि आता एकही सापडत नव्हता.

ती उठली. अनवाणीच अंगण ओलांडून तिनं मोटरीचं बटण बंद केलं. पाइप जिजाच्या हातात लुळा पडला.

"काय झाला, ताई? लाइट गेली?"

"खाली ये."

"एवढे धुते नि..."

"खाली ये, जिजा. हौद्यात धुवायचं नाही." हेमांगीनं पिकअपच्या ओल्या फळीला हात टेकला. स्वतःचे शब्द शोधणं तिनं सोडून दिलं आणि त्यांचेच घेतले, त्यांच्याच बोलीत, जसे मिळाले होते तसे. "'टाकीवरची हवेची नळी चिरलीय. फळ्यांमधून पानी गळतो, तो टाकीत जातो. मी पट्टी बांधलीय, पन ती टिकायची नाय.' बाबा म्हणाले. गुरुवारी, जायच्या आदल्या दिवशी. तुला सांग म्हणाले. 'पंप अजून वाचंल,' म्हणाले. तुला वाईट वाटेल, तू जेवणार नाहीस, म्हणून माझ्याकडं दिलं त्यांनी."

जिजा हौद्यात तशीच उभी होती. पाइपातून राहिलेलं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"पंप तू नाही मारलास. मी मारला. माझ्याशी शेवटचं बोलले, आणि तेसुद्धा तुझ्यासाठी बोलले. ते मला देववेना, जिजा. मला तुझा हेवा वाटत होता."